प्राध्यापक कर्णधाराचा हंगाम : दि. ब. देवधर आणि महाराष्ट्र संघाची रणजी विजेतेपदे (१९३९-४० व १९४०-४१)

प्रस्तावना

क्रिकेटविषयीचे मराठी लेखन बहुतांशी कसोटी सामन्यांभोवती आणि तेथील विक्रमांभोवती फिरत राहिले आहे. प्रांतिक आणि महाविद्यालयीन पातळीवरील खेळाचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला. वास्तविक भारतातील क्रिकेट ज्या काळात घडत होते त्या काळात कसोटी सामने अगदीच मोजके होत. खेळाडूंचा खरा कस प्रांतिक स्पर्धेत आणि जिमखान्यांच्या मैदानांवर लागत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी इंग्लंडच्या संघाचा १९३९-४० चा नियोजित भारतदौरा रद्द झाला आणि पुढील सहा-सात वर्षे देशांतर्गत स्पर्धा हाच भारतीय क्रिकेटचा मुख्य प्रवाह राहिला. त्या प्रवाहात सलग दोन वर्षे, १९३९-४० आणि १९४०-४१ या हंगामांत, रणजी करंडक महाराष्ट्राच्या संघाने जिंकला. या संघाचा कर्णधार पेशाने संस्कृतचा प्राध्यापक होता.

प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्याविषयी गौरवपर लेखन पुष्कळ झाले आहे. ‘भारतीय क्रिकेटचे पितामह’ ही उपाधी त्यांना कायमची चिकटली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यात आणखी भर घालण्याचा नाही. संस्थानिकांचा आश्रय नसलेला, धार्मिक जमातीच्या नावावर न उभारलेला आणि एका महाविद्यालयीन अध्यापकाने हाकलेला संघ त्या काळात विजेता कसा होऊ शकला, आणि तो विजेता म्हणून टिकू का शकला नाही, या दोन प्रश्नांचा विचार येथे केला आहे. आपणा अध्यापकांना हे प्रश्न जवळचे वाटावेत.

प्राध्यापक आणि खेळाडू

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. १९११ मध्ये ते मुंबईच्या तिरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून प्रथम खेळले आणि त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द १९४७-४८ पर्यंत चालली. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ मध्ये पुण्यात न्यू पूना कॉलेज स्थापन केले. हेच पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे देवधर संस्कृत शिकवीत. सकाळी वर्गात व्याकरण आणि काव्य, सायंकाळी मैदान, असा हा दुहेरी व्यासंग होता. आजच्या काळात अशा माणसाला कोणत्या विभागात बसवावे, हा प्रश्न आपल्या संस्थाचालकांना निश्चित पडला असता.

१९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एम.सी.सी.चा संघ मुंबईत आला. या दौऱ्यातील दोन खेळी इतिहासात गेल्या. पहिली नागपूरच्या सी. के. नायडूंची. हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. दुसरी देवधरांची, अखिल भारतीय संघाकडून १४८ धावांची. भारतीय फलंदाज इंग्लंडच्या उत्तम गोलंदाजीसमोर उभे राहू शकतात, याची खात्री या खेळींनी पटविली आणि भारताच्या कसोटी-प्रवेशाचा मार्ग मोकळा होण्यास त्यांचा हातभार लागला. पण १९३२ मध्ये भारताचा पहिला अधिकृत संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यात देवधर नव्हते. त्यांनी चाळिशी गाठली होती. वय आड आले, असे सांगितले जाते. ते कधीही कसोटी सामना खेळले नाहीत. या वगळण्यानंतर बहुतेकांनी बॅट खुंटीला टांगली असती. देवधरांची सर्वोत्तम कामगिरी मात्र यानंतरची आहे.

नायडूंची वाट वेगळी होती. होळकर संस्थानाच्या निमंत्रणावरून ते १९२३ मध्ये नागपूर सोडून इंदूरला गेले आणि तेथील लष्करात त्यांना हुद्दा मिळाला. त्या काळातील गुणी खेळाडूचे सर्वसाधारण भवितव्य असेच असे. क्रिकेटवर पोट भरत नव्हते. संस्थानिकाच्या पदरी नोकरी मिळाली तरच खेळाला वेळ मिळे. पतियाळा, नवानगर, बडोदे आणि इंदूर येथील राजेरजवाड्यांनी अशा रीतीने खेळाडू गोळा केले. भारतीय क्रिकेट त्यांच्या उपकाराखाली आहे, यात शंका नाही. मात्र त्यामुळे संघाची बांधणी राजाच्या मर्जीवर अवलंबून राहिली. देवधरांना खेळण्याची मोकळीक मिळाली ती महाविद्यालयाच्या वेतनामुळे. आश्रयाचा हा दुसरा प्रकार होय, आणि त्याचा स्वतंत्र अभ्यास फारसा झालेला नाही.

स्पर्धेचे स्वरूप

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. आजच्यासारखी साखळी सामन्यांची रचना त्या वेळी नव्हती. देशाचे विभाग पाडलेले होते आणि प्रत्येक विभागात बाद पद्धतीने सामने होत. हरलेला संघ त्या वर्षापुरता स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे विजेत्या संघालाही एका हंगामात चार-पाच सामन्यांपलीकडे खेळावे लागत नसे. नोकरी सांभाळून खेळणारा अध्यापक प्रांताचा कर्णधार होऊ शकला, यामागे ही व्यवस्थाही आहे. आजच्या खेळाडूला हिवाळ्याचे चार-पाच महिने मैदानावरच काढावे लागतात. देवधर आज असते तर त्यांना दोहोंपैकी एकाचा त्याग करावा लागला असता.

पश्चिम विभाग सर्वांत कठीण मानला जाई. मुंबई, बडोदे, नवानगर, पश्चिम हिंदुस्थानातील संस्थाने, गुजरात, सिंध अशा संघांतून वाट काढून अंतिम फेरी गाठावी लागे. आपल्या वऱ्हाडचा संबंध मात्र या विभागाशी नव्हता. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. चाळीसच्या दशकात हा सारा मुलूख ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रशासकीय घटकात होता आणि त्याच नावाचा संघ रणजी स्पर्धेत उतरत असे. महाविद्यालयांचेही तसेच होते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत, तर पुण्याची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होती. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये अस्तित्वात आले. तोपर्यंत पुण्याच्या विद्यार्थ्याला आंतरविद्यापीठ सामन्यांत मुंबईचेच प्रतिनिधित्व करावे लागे. म्हणजे विद्यार्थी म्हणून तो मुंबईचा, आणि प्रांतिक संघात आला की त्याच मुंबईचा प्रतिस्पर्धी. भाषिक महाराष्ट्राची कल्पना राजकीय व्यवहारात येण्याच्या कितीतरी आधी ‘महाराष्ट्र’ हे नाव मैदानावर या रीतीने वावरत होते, आणि त्यात मुंबईही नव्हती व विदर्भही नव्हता, ही बाब आज वाचताना थोडी मौजेची वाटते.

अनिर्णित सामन्याचा निकाल लावण्याच्या नियमाकडेही लक्ष द्यावयास हवे. ठरलेल्या दिवसांत सामना पूर्ण न झाल्यास पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक तो संघ विजयी ठरे. हा नियम आजही आहे. त्याच्याच बळावर २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात नागपूर येथे विदर्भाने (३७९ धावा) केरळवर (३४२ धावा) पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीने विजेतेपद मिळविले. या नियमाचा परिणाम असा की पहिल्या डावात शक्य तितका वेळ फलंदाजी करणे हे शहाणपणाचे ठरते. पुण्याच्या खेळपट्ट्या फलंदाजाला साथ देणाऱ्या होत्या. देवधरांच्या संघाने नियम आणि खेळपट्टी या दोहोंचा पुरेपूर लाभ घेतला. प्रतिस्पर्ध्याला थकवून धावांचा डोंगर रचणे हे त्यांच्या संघाचे मुख्य शस्त्र होते. प्रेक्षकांना हा खेळ कधी कधी कंटाळवाणा वाटला असेल, आणि तसे वाटण्यास जागाही आहे. पण स्पर्धेची अट समजून घेऊन तिच्यात आपले बळ बसविणे ही बुद्धीची गोष्ट आहे.

१९३९-४० : पाया

या हंगामातील सर्वांत गाजलेली खेळी विजय हजारे यांची. सांगलीत जन्मलेला हा अबोल फलंदाज त्या वेळी महाराष्ट्राकडून खेळत असे. पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीत केलेले हे पहिले त्रिशतक होय. या डावात आणखी एक गोष्ट घडली. आठ गडी बाद झाल्यानंतर एन. डी. नगरवाला खेळावयास आले आणि हजारे यांच्यासह त्यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागी केली. नगरवाला यांचे स्वतःचे शतक दोन धावांनी हुकले. तळाच्या फलंदाजानेही आपला बळी स्वस्तात द्यावयाचा नाही, ही संघाची वृत्ती या भागीतून दिसते. अंतिम सामना पुण्यातच झाला आणि त्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताच्या संघाचा दहा गडी राखून पराभव केला. प्रांताला मिळालेले हे पहिले विजेतेपद.

वरच्या नावांकडे पुन्हा एकदा पाहावे. कर्णधार हिंदू ब्राह्मण, त्रिशतकवीर ख्रिस्ती, त्याला साथ देणारा पारशी. आज याचे काही विशेष वाटणार नाही. पण त्याच काळात मुंबईत होणाऱ्या पंचरंगी सामन्यांत हे तिघे तीन निरनिराळ्या संघांचे ठरत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘शेष’ संघ अशी ती विभागणी होती. हजारे ख्रिस्ती असल्याने त्यांना ‘शेष’ संघाकडून खेळावे लागे. १९४३-४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांनी ‘शेष’ संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या, ही कथा क्रिकेटप्रेमींना ठाऊक आहेच. लोकांची गर्दी लोटे ती या पंचरंगी सामन्यांना. रणजी सामन्यांना तेवढे प्रेक्षक नसत. पैसा, प्रसिद्धी आणि भावनांचा उद्रेक हे सारे धर्माच्या नावावरील स्पर्धेकडे होते.

१९४०-४१ : सहाशे पन्नासलाही अपुऱ्या पडलेल्या धावा

१९४० च्या हिवाळ्यात हा प्रश्न ऐरणीवर आला. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होता आणि अनेक नेते कारागृहात होते. अशा वेळी पंचरंगी सामने भरवावेत की नाही, याविषयी हिंदू जिमखान्याच्या प्रतिनिधींनी डिसेंबर १९४० मध्ये वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींचे मत विचारले. गांधीजींनी सामन्यांविरुद्ध कौल दिला. त्यांच्या निवेदनाचा एक भाग आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. महाविद्यालये आणि संस्था यांच्यातील सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुस्लिम अशा जमातवार संघांचे प्रयोजन आपल्याला कधी कळले नाही, असा त्यांचा आशय होता. क्रिकेटमध्ये रस नसलेल्या माणसाने प्रश्नाचे मर्म नेमके पकडले होते. त्या वर्षी हिंदू संघाने पंचरंगीतून माघार घेतली. पुढे ही स्पर्धा पुन्हा पूर्ववत् सुरू झाली आणि १९४५-४६ नंतर बंद पडली.

त्याच हंगामात पुण्याच्या मैदानावर महाराष्ट्र आणि मुंबई हे दोन प्रांतिक संघ समोरासमोर आले. महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा केल्या. त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६ होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या कर्णधाराची ही आयुष्यातील सर्वोच्च धावसंख्या ठरली. ज्याला आठ वर्षांपूर्वी वयामुळे बाजूला ठेवले होते, त्याने आपल्या निम्म्या वयाच्या गोलंदाजांना दिवसभर पळविले.

एवढ्या धावांपुढे कोणताही संघ हातपाय गाळील. मुंबईने तसे केले नाही. खंडू रांगणेकर यांनी २०२ धावा केल्या. हे रांगणेकर आदल्या वर्षी महाराष्ट्राकडूनच खेळले होते आणि आता मुंबईच्या बाजूने आपल्या जुन्या कर्णधाराच्या धावांचा पाठलाग करीत होते. मुंबईचा डाव वाढत वाढत ६५० पर्यंत गेला आणि तेथे संपला. महाराष्ट्राला केवळ २५ धावांची आघाडी मिळाली आणि तिच्यावर सामन्याचा निकाल ठरला. दोन्ही संघांनी मिळून पहिल्या डावांत १३२५ धावा केल्या, आणि त्यातून निर्णायक ठरल्या त्या पंचवीस! नवव्या-दहाव्या क्रमांकाच्या फलंदाजांनीही बळी स्वस्तात न देण्याच्या वृत्तीचे मोल येथे कळते.

या हंगामाचा दुसरा नायक श्रीरंग ऊर्फ रंगा सोहोनी. वयाने बावीस-तेवीस वर्षांचा, सलामीला फलंदाजी करणारा आणि नव्या चेंडूने गोलंदाजीही करणारा. पश्चिम हिंदुस्थान संघाविरुद्ध त्याने नाबाद २१८ धावा केल्या. साऱ्या हंगामात त्याच्या नावावर रणजी स्पर्धेत ६५५ धावा जमा झाल्या. बाद पद्धतीच्या मोजक्या सामन्यांत एवढी बेरीज ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. अंतिम सामना मद्रासला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर झाला. तेथेही सोहोनीने १०४ धावा केल्या आणि महाराष्ट्राने सहा गडी राखून करंडक सलग दुसऱ्यांदा जिंकला. अनुकूल खेळपट्टीवर धावा रचणारा घरकोंबडा संघ, अशी टीका करणाऱ्यांना हे उत्तर होते.

एकीकडे एकोणपन्नाशीचा प्राध्यापक आणि दुसरीकडे नुकता तारुण्यात आलेला सोहोनी. वयातील हे अंतर म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील अंतर होय. संघात प्रौढ खेळाडू थोडे आणि तरुण अधिक असताना कर्णधाराला शिक्षकाची भूमिका घ्यावी लागते. देवधरांना ती नव्याने शिकावी लागली नाही, एवढे आपण खात्रीने म्हणू शकतो.

या मैदानावर कोण पोचत होते?

येथे एक नोंद करणे आवश्यक वाटते. महाविद्यालयीन क्रिकेटचे कौतुक करताना त्या काळी महाविद्यालयाच्या दारापर्यंत कोण पोचत होते, हे विसरून चालणार नाही. पुण्याच्या क्रिकेटने देशाला दिलेला पहिला थोर गोलंदाज पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील होता. तो खेळ शिकला तो कोणत्याही महाविद्यालयात नव्हे, तर पूना क्लबच्या मैदानावर नोकरी करताना, इंग्रज साहेबांना गोलंदाजी टाकून. त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळाले, आणि तेही दीर्घ वादानंतर. प्रांतिक संघाने धर्माची भिंत ओलांडली हे खरे. जात आणि शिक्षण यांची भिंत ओलांडण्याचे काम मात्र त्याने हाती घेतले होते, असे म्हणता येत नाही. उच्च शिक्षण ग्रामीण भागात पसरले ते स्वातंत्र्योत्तर काळात, आणि तेव्हाच खेड्यातील मुलाला महाविद्यालयाच्या संघात जागा मिळू लागली. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मैदानांना या दृष्टीने जे महत्त्व आहे ते पुण्याच्या जुन्या मैदानांपेक्षा वेगळ्या जातीचे आहे.

विघटन

१९४०-४१ नंतर महाराष्ट्राला रणजी करंडक पुन्हा मिळाला नाही. याचे कारण खेळाच्या दर्जात शोधण्यापेक्षा खेळाडूंच्या उपजीविकेत शोधावे लागते. हजारे १९४१ पासून बडोद्याकडून खेळू लागले. या संस्थानाने त्यांना नोकरी आणि स्थैर्य दिले. १९४६-४७ मध्ये बडोद्याने विजेतेपद मिळविले तेव्हा अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. सोहोनी पुढे बडोदे आणि मुंबई या संघांत गेले. १९५३-५४ मध्ये मुंबईला रणजी करंडक मिळवून देणारा कर्णधार तेच होते. मध्यप्रांत व वऱ्हाड संघातून पुढे आलेले चंदू सरवटे काही काळ महाराष्ट्राकडून खेळले आणि नंतर इंदूरच्या होळकर संघात स्थिरावले. म्हणजे नागपूर-वऱ्हाडकडून निघालेली वाट असो की पुण्याकडून निघालेली, ती अखेर कोणत्यातरी राजवाड्यापाशीच जाऊन थांबत होती.

प्राध्यापक आपल्या खेळाडूंना शिस्त देऊ शकत होता, डाव कसा बांधावा हे शिकवू शकत होता, विजयाची सवय लावू शकत होता. महिन्याचा पगार देऊ शकत नव्हता. महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेपाशीही तेवढे द्रव्यबळ नव्हते. ज्या स्वायत्ततेमुळे हा संघ कोणाच्या मर्जीचा मिंधा राहिला नाही, तीच त्याच्या विघटनाचेही कारण ठरली. संस्थाने विलीन झाल्यानंतर हेच काम रेल्वे, बँका आणि मुंबईतील औद्योगिक कंपन्यांनी हाती घेतले. महाविद्यालय हे खेळाडू घडविण्याचे ठिकाण राहिले, त्याला धरून ठेवण्याचे ठिकाण मात्र ते कधीच होऊ शकले नाही. आपल्या क्रीडा विभागांच्या अंदाजपत्रकाकडे पाहिले की ही स्थिती आजही ओळखीची वाटते.

देवधर स्वतः मात्र कोठे गेले नाहीत. संघ विस्कटल्यानंतरही ते पुण्यातच राहिले आणि खेळत राहिले. नोव्हेंबर १९४४ मध्ये, त्रेपन्नावे वर्ष पुरे होण्यास सुमारे दोन महिन्यांचा अवधी असताना, त्यांनी पुण्यात नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली: १०५ आणि १४१. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या तेव्हा देवधरांची कारकीर्द संपली होती. पण तो सामनाही पुण्याच्याच मैदानावर, त्याच महाराष्ट्र संघाकडून झाला. देवधरांच्या घरातही खेळ होता. त्यांच्या कन्यांनी चाळीसच्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय कीर्ती मिळविली. शासनाने त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांच्या नावाची आंतरविभागीय स्पर्धा १९७३-७४ पासून सुरू झाली, तेव्हा ते ब्याऐंशीच्या घरात होते.

१९४१ नंतर महाराष्ट्राने तीन वेळा रणजीची अंतिम फेरी गाठली, १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या हंगामांत, आणि तिन्ही वेळा संघ उपविजेता राहिला. यांपैकी दुसऱ्या प्रसंगी, १९९३ मध्ये लुधियाना येथे पंजाबने महाराष्ट्राचा पराभव केला, तेव्हा १९४१ चा कर्णधार पुण्यात हयात होता. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी, वयाच्या एकशेदुसऱ्या वर्षी, प्रा. देवधरांचे निधन झाले.